घरातील ॲलर्जीसाठी एअर प्युरिफायर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर प्युरिफायर आणला की ॲलर्जी बरी होते का?

नाही. हे यंत्र औषध नाही. ज्या कणांमुळे शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांची खाज किंवा दम्याचा त्रास सुरू होतो, त्यांतले जे कण हवेत तरंगत असतात तेवढेच ते गाळून घेते. गादीत, उशीत, पडद्यात किंवा सोफ्याच्या कापडात जे बसलेले आहे त्याला ते हात लावू शकत नाही. त्यामुळे कोणते यंत्र घ्यावे हे ठरवण्याआधी आपल्याला त्रास देणारा पदार्थ हवेत राहतो की कापडात, हे समजून घ्यायला हवे. बहुतेक घरांत क्रम नेमका उलटा होतो. आधी यंत्र येते, दोन महिने फरक पडत नाही आणि मग ॲलर्जी कशाची आहे याची चौकशी सुरू होते.

कोणत्या ॲलर्जीत त्याचा खरोखर उपयोग होतो?

सकाळी खिडकीतून तिरपे ऊन आत येत असताना अंथरुणावरची गोधडी एकदा झटकून पाहावी. कवडशात हजारो कण उसळताना दिसतात आणि थोड्या वेळाने तोच कवडसा बराच स्वच्छ झालेला असतो. ते कण नाहीसे झालेले नसतात; ते पुन्हा गादीवर, जमिनीवर आणि टेबलावर बसलेले असतात. प्युरिफायरच्या उपयोगाचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर आहे, की कण किती वेळ हवेत राहतो.

आपल्याकडे घरातल्या ॲलर्जीचे मोठे कारण म्हणजे डस्ट माइट. हे साधारण ०.३ मिलिमीटर लांबीचे आठ पायांचे जीव आहेत. ते माणसाच्या त्वचेच्या गळलेल्या सूक्ष्म पापुद्र्यांवर जगतात आणि गाद्या, उशा व गोधड्या ही त्यांची आवडती वस्ती. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांमुळे. हे कण अंदाजे १० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे हवेच्या मानाने जड असतात आणि अंथरूण झटकल्यावर अर्ध्या तासाच्या आत बहुतेक खाली बसतात. रात्री झोपलेल्या माणसाचे नाक उशीत असते आणि यंत्र चार फुटांवर, त्यामुळे कण यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी नाकापर्यंत पोहोचतो. माइटची ॲलर्जी असलेल्या माणसाने केवळ प्युरिफायरवर भिस्त ठेवली तर बहुधा निराशाच पदरी पडते. झुरळांपासून होणाऱ्या ॲलर्जीचेही बरेचसे असेच आहे.

मांजराची गोष्ट मात्र वेगळी आहे. मांजराच्या लाळेतून आणि त्वचेतून येणारे ॲलर्जीकारक प्रथिन फार बारीक कणांवर बसते, तासन् तास हवेत तरंगते आणि मांजर घरातून गेल्यावरही कित्येक महिने घरात सापडते. इथे चांगला प्युरिफायर निश्चित कामाचा आहे. बुरशीचे बरेच बीजाणू २ ते १० मायक्रॉनचे असतात आणि तेही हवेत चांगले टिकतात. परागकण आकाराने मोठे असले तरी ते बाहेरून सतत आत येत राहतात, म्हणून खिडक्या बंद करून यंत्र चालवल्यास त्यांचे प्रमाण कमी होते. गाजर गवताचे उदाहरण महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंद झालेले हे तण आज रिकाम्या भूखंडांवर आणि रस्त्यांच्या कडेला सर्वत्र आहे. पावसानंतर ते फुलोऱ्यावर येते तेव्हा अनेकांना नाकाचा त्रास होतो, काहींच्या अंगावर पुरळ उठते.

धूर आणि वाहनांचा धूरकण ही खऱ्या अर्थाने ॲलर्जी नव्हे. पण सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकेला ते आणखी चिडवतात आणि ते इतके बारीक असतात की प्युरिफायर त्यांच्यावर सर्वांत प्रभावी ठरतो. गर्दीच्या रस्त्यालगत किंवा बांधकामाशेजारी राहणाऱ्यांना यंत्राचा जो दिलासा मिळतो तो बऱ्याचदा यामुळे असतो.

मला कशाची ॲलर्जी आहे हे कसे कळेल?

कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा ॲलर्जीचे तज्ज्ञ त्वचेवर सुईने हलके टोचून करण्याची चाचणी करतात. ते शक्य नसेल तर विशिष्ट आयजीई, म्हणजे ॲलर्जीत शरीर तयार करते ती प्रतिपिंडे, मोजणारी रक्ततपासणी होते. त्वचेच्या चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. त्या किती दिवस आणि कोणत्या, हे डॉक्टरांनाच विचारावे.

चाचणीपूर्वीही काही खुणा लक्षात घेता येतात. पहाटे उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका आणि दुपारी कामावर गेल्यावर आराम, असे असेल तर संशय अंथरुणावर घ्यावा. जुलै ते सप्टेंबरमध्ये त्रास वाढत असेल तर ओल आणि बुरशी तपासावी. एखाद्याच नातेवाइकाच्या घरी गेल्यावर डोळे चुरचुरत असतील तर तिथे मांजर किंवा कुत्रा आहे का हे आठवावे. दोन आठवडे एका वहीत तारीख, वेळ, जागा आणि त्रास अशी नोंद ठेवली तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

‘हेपा’ म्हणजे नेमके काय?

हेपा हे अतिसूक्ष्म तंतूंच्या, घड्या घातलेल्या दाट कागदासारख्या गाळणीचे नाव आहे. अमेरिकी व्याख्येनुसार तिने ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. युरोपीय वर्गवारीतील एच१३ गाळणीला, जो कण अडवणे सर्वांत कठीण त्याच्याही बाबतीत, ९९.९५ टक्क्यांची अट आहे. ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान कण सहज निसटत असतील, असा समज सर्वत्र आहे. पण तो चुकीचा आहे. फार लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे फिरतात आणि तंतूंना जाऊन चिकटतात, तर मोठे कण सरळ जाऊन आदळतात. मधल्या आकाराचे कण अडवणे सर्वांत अवघड असते, म्हणून चाचणी त्या आकारावर घेतात.

खोक्यावर ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखे’ किंवा ‘९९ टक्के शुद्धी’ एवढेच लिहिलेले असेल तर तो हेपा फिल्टर समजू नये. एच१३ किंवा तत्सम दर्जा स्पष्ट लिहिलेला असावा. मात्र एच१३ आणि एच१४ यांच्या फरकासाठी जादा पैसे मोजण्याचे घरगुती वापरात काही कारण नाही. गाळणी किती बारीक आहे यापेक्षा तासाभरात तिच्यातून किती हवा जाते याला जास्त महत्त्व आहे.

सीएडीआर किती असावा?

यंत्र एका तासात किती घनमीटर स्वच्छ हवा देते, त्या आकड्याला सीएडीआर म्हणतात. एकच आकडा पाहून यंत्र घ्यायचे झाल्यास हाच पाहावा. ॲलर्जीसाठी खोलीतली हवा तासाला सुमारे पाच वेळा गाळून निघेल इतकी क्षमता असावी.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बाराच्या बेडरूमचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट झाले. छत दहा फुटांवर असेल तर १,२०० घनफूट, म्हणजे जवळपास ३४ घनमीटर. त्याला पाचने गुणले की १७० येतात. या खोलीला तासाला किमान १७० घनमीटर सीएडीआर हवा. पटकन करायचे असेल तर खोलीच्या चौरस फुटांना १.४ ने गुणावे. बारा बाय चौदाच्या खोलीसाठी उत्तर २३५ च्या आसपास येते. काही माहितीपत्रकांत आकडा घनफूट प्रतिमिनिट दिलेला असतो, त्याला १.७ ने गुणले की घनमीटर प्रतितास मिळतात. धूर, धूळ आणि परागकण असे तीन वेगळे आकडे दिलेले असतील तर धुराचा आकडा धरावा, कारण धुराचे कण सर्वांत बारीक असतात.

जाहिरातीत दिलेले ‘५०० चौरस फुटांपर्यंत’ हे वाक्य सावधपणे वाचावे. तासाला ३०० घनमीटर देणारे यंत्र दहा फूट उंचीच्या ५०० चौरस फुटांच्या दिवाणखान्यात हवा तासाला जेमतेम दोनदा गाळते. तेच यंत्र २०० चौरस फुटांच्या खोलीत आपले काम चोख करते.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. छापलेला सीएडीआर सर्वांत वेगवान पंख्यावर मोजलेला असतो आणि त्या वेगावर बहुतेक यंत्रांचा आवाज इतका होतो की झोप लागत नाही. रात्री यंत्र हळू वेगावर टाकले की क्षमता बरीच घटते. म्हणून गरजेपेक्षा एक पायरी मोठे यंत्र घ्यावे आणि ते मधल्या वेगावर चालवावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. शक्य असल्यास दुकानात ते सर्व वेगांवर चालवून ऐकावे.

आयोनायझर, ओझोन, अतिनील दिवा या सोयी घ्याव्यात का?

ॲलर्जीसाठी त्यांची गरज नाही. ओझोन हवा ‘ताजी’ करतो असे सांगितले जाते, पण तो श्वासनलिकेला दाह करणारा वायू आहे आणि दम्याच्या रुग्णाच्या खोलीत त्याला जागाच नाही. हवेतल्या कणांना विद्युतभार देणाऱ्या आयोनायझरमधूनही थोडा ओझोन तयार होऊ शकतो. ती सोय यंत्रात असेलच तर बंद करता येते का ते पाहावे आणि बंदच ठेवावी. अतिनील दिव्यासमोरून हवा क्षणार्धात निघून जाते, शिवाय मेलेली बुरशी किंवा परागकणसुद्धा ॲलर्जी निर्माण करतातच. चांगला पंखा, खरा हेपा आणि पुढे केस-धागे अडवणारी जाळी एवढे पुरेसे आहे.

उदबत्ती, मच्छर अगरबत्ती आणि फोडणी यांच्या धुराचे काय?

या धुरातले कण हेपा अडवतो, पण त्यातले वायू आणि वास अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो. अनेक यंत्रांत हा थर म्हणजे काळा रंग दिल्यासारखी पातळ चादर असते आणि ती काही आठवड्यांत निकामी होते. हातात घेतल्यावर वजन जाणवेल इतका दाणेदार कोळसा असेल तरच त्याला अर्थ आहे.

पण खरे सांगायचे तर धूर घरातच निर्माण करून मग तो गाळत बसणे हे यंत्रावर आणि फुप्फुसांवर सारखेच अन्याय करणारे आहे. एका मच्छर कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर कॉइलऐवजी मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हे दोन उपाय करावेत. देवघरात उदबत्तीऐवजी निरांजन आणि ताजी फुले ठेवल्याने पूजेत काही उणे राहत नाही, असे आम्हाला मनापासून वाटते. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावावा आणि बेडरूमचे दार लावून घ्यावे. तेलकट वाफ प्युरिफायरच्या गाळणीत गेली की ती लवकर खराब होते, त्यामुळे यंत्र ओट्याजवळ कधीही ठेवू नये.

हॉलमध्ये ठेवावा की बेडरूममध्ये?

बेडरूममध्ये. दिवसातले सलग सात-आठ तास माणूस तिथे असतो आणि दार बंद ठेवणेही तिथेच शक्य असते. आमच्या घरी पहिली दोन वर्षे यंत्र दिवाणखान्यात टीव्हीशेजारी होते, कारण पाहुण्यांच्या नजरेस पडणारी चांगली वस्तू तिथेच ठेवायची सवय. मुलगी मात्र आतल्या खोलीत रोज पहाटे शिंकत उठत होती. यंत्र तिच्या पलंगाजवळ नेले, उशीला घट्ट विणीचे आवरण घातले आणि खोलीतला जुना गालिचा काढला, तेव्हा कुठे तिची सकाळ बदलली. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात केल्या, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यायचे हे सांगता येणार नाही. पण गालिचा आम्ही परत अंथरलेला नाही.

यंत्र भिंतीपासून फूटभर दूर आणि पलंगापासून चार-पाच फुटांवर असावे. पडद्यामागे, कपाटाच्या खाचेत किंवा टेबलाखाली ठेवल्यास ते आपलीच गाळलेली हवा पुन्हा ओढत राहते.

छताचा पंखा किंवा एसी सुरू असताना ते चालवले तर चालते का?

चालते. पंख्यामुळे खोलीतली हवा मिसळत राहते आणि यंत्रापर्यंत पोहोचते. मात्र पंख्याची पाती दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पुसलेली असावीत. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. त्याच्या आतली धुता येणारी जाळी जाड धूळ अडवते, बारीक कण नाही. एसी आणि प्युरिफायर एकमेकांना पूरक आहेत. उघड्या खिडकीत यंत्र चालवणे मात्र वाया जाते. दिवसभर खिडक्या बंद ठेवल्या तरी कार्बन डायऑक्साइड साचतो आणि प्युरिफायर तो काढत नाही. म्हणून बाहेर रहदारी कमी असेल अशा वेळी रोज थोडा वेळ घर मोकळे करावे, मग खिडक्या लावून अर्धा तास यंत्र पूर्ण वेगाने चालवावे.

यंत्राच्या पडद्यावर आकडा ५ दिसतो, तरी शिंका का येतात?

कारण तो आकडा पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा असतो. बाहेरच्या हवेसाठी भारतातील २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची मर्यादा १५ आहे. त्या दृष्टीने ५ हा आकडा उत्तमच. पण माइटचे कण आणि परागकण याहून कितीतरी मोठे असतात आणि तो संवेदक त्यांची दखलच घेत नाही. ‘ऑटो’वर ठेवलेले यंत्र तर आकडा कमी दिसला की पंखा मंद करते आणि अंथरूण घालताना, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा निवांत बसते. ॲलर्जी असलेल्यांनी ऑटोवर विसंबू नये. अंथरूण घालण्याआधी यंत्र पूर्ण वेगावर लावावे, अर्ध्या तासाने मधल्या वेगावर आणावे.

मग गाद्या-गोधड्यांचे काय करावे?

माइटची ॲलर्जी असेल तर पहिला खर्च यावर करावा, यंत्रावर नंतर. गादी आणि उशी यांना घट्ट विणीची, चेन असलेली आवरणे घालावीत. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. गार पाण्याने धुतल्यास मळ निघतो, पण बहुतेक माइट मरत नाहीत. गाद्यांना ऊन दाखवण्याची आपल्याकडची जुनी रीत योग्यच आहे, कारण ऊन आणि कोरडेपणा माइटना सोसत नाही. मात्र मेलेल्या माइटचे अवशेष आणि विष्ठा गादीतच राहते, म्हणून ऊन दाखवल्यावर ती गच्चीवर किंवा अंगणात बडवून झटकावी. हे काम ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीने करावे.

आजीच्या साड्यांची शिवलेली जाड गोधडी ६० अंशांवर धुता येत नाही आणि ती टाकवतही नाही. ती ॲलर्जी असलेल्याच्या पलंगावरून काढून, उन्हात कडकडीत वाळवून, बंद पिशवीत ठेवणे हाच मार्ग आहे. कापसाची जुनी गादी पिंजून घ्यायची असेल तर ती घराबाहेर न्यावी. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. नवरात्राआधी जाळी-जळमटे काढताना ज्याला त्रास आहे त्याने घराबाहेर राहावे किंवा एन-९५ मास्क लावावा.

पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, तेव्हा प्युरिफायर पुरेल का?

पुरणार नाही. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. साधारण ६० टक्क्यांच्या पुढे बुरशी फोफावते आणि माइटही वाढतात. यंत्र हवेतले बीजाणू गाळते, पण ओली भिंत नवे बीजाणू सोडत राहते. आधी गळती शोधून बुजवावी, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवावे, ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. बुरशीवर नुसता रंग मारल्यास ती काही महिन्यांत त्याच रंगातून वर येते. दोन प्युरिफायर घेण्यापेक्षा एक प्युरिफायर आणि एक डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषून घेणारे यंत्र) घेणे किनारपट्टीवरच्या घरांसाठी अधिक शहाणपणाचे आहे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणता आली तर माइटचीही वाढ रोखली जाते.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

यंत्राच्या किमतीसोबत पाच वर्षांच्या फिल्टरची किंमत मिळवावी. समजा यंत्र १२,००० रुपयांचे आहे आणि दरवर्षी ३,००० रुपयांचा फिल्टर लागतो. पाच वर्षांत चारदा बदलल्यास फिल्टरचा खर्चही १२,००० होतो. स्वस्त यंत्राचा फिल्टर महाग किंवा दुर्मीळ असू शकतो, म्हणून यंत्र घेण्याआधी त्याचा सुटा फिल्टर आज बाजारात मिळतो का आणि कितीला, हे पाहावे. विजेची चिंता फारशी नको. ४० वॅटचे यंत्र रोज दहा तास चालवले तर महिन्याला १२ युनिट होतात.

फिल्टर धुता येतो का?

पुढची जाळी धुता येते, हेपा धुता येत नाही. पाण्याने त्याचे तंतू चिकटतात आणि ओल राहिल्यास त्यातच बुरशी धरते. ‘धुता येणारा हेपा’ असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. वर्षभराने, धूळ जास्त असेल तर त्याआधीही, फिल्टर बदलावा. जुना काढताना मास्क लावावा आणि तो लगेच पिशवीत बांधून टाकावा.

नवीन यंत्र सुरू करण्याआधी मागचे झाकण उघडून पाहावे. फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला येतो आणि ती पिशवी काढायची राहून जाते. आमच्या एका नातेवाइकांकडे हे यंत्र पाच महिने असेच चालले होते. झाकण उघडले तेव्हा गाळणी कोऱ्या कागदासारखी पांढरीशुभ्र होती आणि बसवायला आलेल्या माणसाने ती पिशवी पाहिलीच नव्हती. दोन महिन्यांनी फिल्टर उघडून पाहिल्यावर तो करडा झालेला नसेल तर काहीतरी चुकले आहे असे समजावे.

बाल्कनीत कबुतरे आहेत. त्यांच्यासाठी प्युरिफायर चालेल का?

२०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा या विषयाची बरीच चर्चा झाली. कबुतरांच्या विष्ठेतील आणि पिसांतील प्रथिनांमुळे काही जणांना फुप्फुसांचा जो आजार होतो तो नेहमीच्या सर्दी-शिंकांच्या ॲलर्जीपेक्षा वेगळा आहे. त्यात कोरडा खोकला राहतो, जिना चढताना दम लागतो आणि ॲलर्जीच्या गोळ्यांनी आराम पडत नाही. वेळेत लक्ष न दिल्यास फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. अशी लक्षणे असतील तर प्युरिफायरच्या भरवशावर एक दिवसही न थांबता छातीच्या तज्ज्ञांना दाखवावे. बाल्कनीला जाळी बसवावी. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, पाण्याने पूर्ण भिजवून, मास्क लावून काढावी.

यंत्र घेतल्यावर नाकातला फवारा किंवा इनहेलर बंद करता येईल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दम्याचा इनहेलर बरे वाटू लागल्यावर आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे, कारण श्वासनलिकेतली सूज लक्षणे थांबल्यावरही शिल्लक असू शकते. पुढच्या तपासणीला जाताना यंत्र कधी लावले, गाद्यांचे काय केले आणि त्यानंतर सकाळच्या शिंका किती कमी झाल्या, ही वहीतली नोंद सोबत न्यावी. औषधाची मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टर तीवरून ठरवू शकतात.